डेटन करारानंतरची तीस वर्षे: बोस्निया युरोपच्या दाराशी का अडला?

बोस्नियातले युद्ध थांबवणाऱ्या डेटन कराराला डिसेंबर २०२५ मध्ये तीस वर्षे पूर्ण झाली. त्याच वर्षी बोस्नियातल्या सर्ब भागाचे अध्यक्ष मिलोराद दोदिक यांना राजधानी साराएव्होच्या न्यायालयाने दोषी ठरवले. अपीलही फेटाळले गेले, अध्यक्षपद गेले आणि सहा वर्षांची राजकीय बंदी आली. ‘बोस्निया फुटणार का?’ हा प्रश्न बातम्यांत पुन्हा दिसू लागला. पण बातमी नीट वाचायला बसले की पहिल्या परिच्छेदातच अडखळायला होते. देश एक, पण राष्ट्राध्यक्षपदावर माणसे तीन. लोकसंख्या आपल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याएवढी, पण सरकारे चौदा. आणि या सगळ्यांच्या वर एक परदेशी अधिकारी, ज्याला निवडून आलेल्यांनी केलेला कायदा रद्द करता येतो. दोदिक यांचा गुन्हाही हाच, की त्यांनी या अधिकाऱ्याचे निर्णय धुडकावले.

ही रचना वेडगळ वाटते, पण ती कोणाच्या लहरीतून आलेली नाही. तिच्यामागे एक लाख मृत्यू आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करायला हवी.

आधी काय घडले

युगोस्लाव्हिया हे सहा प्रजासत्ताकांचे संघराज्य होते. त्यांपैकी बोस्निया-हर्झेगोव्हिना सर्वांत मिसळलेले. १९९१ च्या जनगणनेत तिथे सुमारे ४४ टक्के मुस्लिम (यांना पुढे ‘बॉस्नियाक’ म्हटले जाऊ लागले), ३१ टक्के ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती सर्ब आणि १७ टक्के कॅथलिक क्रोएट होते. तिघांची बोली जवळपास एकच. शहरांत मिश्र लग्ने सर्रास होत. ‘ही माणसे शतकानुशतके एकमेकांच्या जिवावर उठलेली होती’ असे अजून लिहिले जाते. ते खरे नाही. संघराज्य मोडताना ज्यांना सत्ता टिकवायची होती त्यांनी भीती पेरली, आणि हाती सैन्य व प्रचारयंत्रणा असल्यामुळे ती उगवली.

१९९२ च्या वसंतात बोस्नियात स्वातंत्र्याचे सार्वमत झाले. बहुसंख्य सर्बांनी त्यावर बहिष्कार टाकला. एप्रिलमध्ये युद्ध पेटले. साराएव्हो शहराला १४२५ दिवस वेढा पडला होता. पाण्याच्या रांगेत उभ्या असलेल्या, बाजारात आलेल्या माणसांवर भोवतालच्या डोंगरांवरून तोफा आणि नेमबाज मारा करीत. गावोगावी एका समाजाला हुसकून जमीन ‘स्वच्छ’ करण्याचे सत्र चालले. वीस लाखांहून अधिक माणसे घरे सोडून गेली. म्हणजे जवळजवळ निम्मा देश.

युगोस्लाव्हियात उतरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे पहिले सेनापती भारतीय होते, मराठा लाइट इन्फंट्रीचे लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार. मार्च १९९२ पासून वर्षभर त्यांनी ही जबाबदारी सांभाळली. त्या सेनेची मूळ अडचण अशी, की तिला शांतता राखायला पाठवले होते आणि राखायला शांतताच नव्हती. याची किंमत स्रेब्रेनित्साने मोजली. संयुक्त राष्ट्रांनी ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून जाहीर केलेल्या या गावात जुलै १९९५ मध्ये बोस्नियन सर्ब सैन्याने आठ हजारांहून अधिक बॉस्नियाक पुरुष आणि मुलगे मारले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने याला वंशसंहार ठरवले आहे.

डेटनमध्ये काय ठरले

नोव्हेंबर १९९५ मध्ये अमेरिकेने बोस्निया, सर्बिया आणि क्रोएशिया या तिन्ही देशांच्या अध्यक्षांना ओहायोतल्या डेटनजवळच्या हवाई तळावर आणून बसवले आणि तीन आठवडे उठू दिले नाही. १४ डिसेंबरला पॅरिसमध्ये स्वाक्षऱ्या झाल्या. बोस्नियाची राज्यघटना म्हणजे या कराराचे चौथे परिशिष्ट. ती कोणत्याही घटना समितीत चर्चिली गेली नाही, लोकांसमोर मतदानाला आली नाही, आणि मुळात ती इंग्रजीत लिहिली गेली.

त्या घटनेने देश एक ठेवला, पण आत दोन भाग केले. ५१ टक्के भूभाग बॉस्नियाक-क्रोएटांच्या फेडरेशनला, ४९ टक्के सर्बांच्या रेपुब्लिका स्रप्स्काला. फेडरेशनमध्ये पुन्हा दहा प्रांत, प्रत्येकाला स्वतःची विधानसभा आणि मंत्रिमंडळ. ब्रच्को नावाच्या मोक्याच्या शहराचा वाद सुटेना, म्हणून त्याचा नंतर वेगळा जिल्हा केला. देशाचे सरकार, दोन भागांची दोन, प्रांतांची दहा आणि ब्रच्कोचे एक, अशी ही चौदा सरकारे झाली. राष्ट्राध्यक्षपदावर एक बॉस्नियाक, एक क्रोएट, एक सर्ब. तिघांमध्ये अध्यक्षाची खुर्ची दर आठ महिन्यांनी फिरते.

खरी मेख आहे नकाराधिकारात. संसदेच्या ४२ जणांच्या कनिष्ठ सभागृहात रेपुब्लिका स्रप्स्कातून १४ जण येतात. त्यांतल्या १० जणांनी विरोधात मत दिले की उरलेल्या ३२ जणांचे बहुमत निरुपयोगी ठरते. वरिष्ठ सभागृहात तिन्ही समाजांचे पाच-पाच प्रतिनिधी, आणि एखादा कायदा आपल्या समाजाच्या ‘जिव्हाळ्याच्या हिताला’ बाधक आहे असे म्हणून कोणताही समाज तो रोखू शकतो.

भाऊबंदकीच्या दाव्यात कोर्ट ‘जैसे थे’चा आदेश देते, तसे हे आहे. तीन भावांत डोकी फुटायची वेळ आली असताना असा आदेश योग्यच असतो. कोणी भिंत पाडायची नाही, कोणी बांधायची नाही, तिघांच्या सहीशिवाय काहीही करायचे नाही. मारामारी थांबते. पण हाच आदेश तीस वर्षे चालू राहिला तर गळके छप्पर दुरुस्त करायलाही तीन सह्या लागतात, आणि ज्याच्या खोलीत गळत नाही तो सहीची किंमत मागतो. डेटनने युद्ध थांबवले, आणि त्याबद्दल मी त्याला कधीही कमी लेखणार नाही. पण रक्तपात थांबवण्यासाठी बंदूकधाऱ्यांना दिलेली हमी आणि नागरिकांनी रोजचा कारभार चालवण्यासाठी केलेली घटना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोस्नियात पहिलीनेच दुसरीची जागा घेतली.

चौथ्या रकान्यातली माणसे

या घटनेत नागरिकापेक्षा समाज मोठा आहे. तीन समाजांपैकी एकाचा असल्याशिवाय राष्ट्राध्यक्षपदासाठी उभेच राहता येत नाही. देर्वो सेयदिच हे रोमा समाजाचे, याकोब फिंत्सी ज्यू. दोघेही देशाचे नागरिक, सार्वजनिक जीवनात मान असलेले. त्यांनी युरोपीय मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली आणि २२ डिसेंबर २००९ रोजी निकाल त्यांच्या बाजूने लागला: ही तरतूद भेदभाव करणारी आहे, घटना बदला. निकालाला सोळा वर्षे उलटली तरी घटना बदललेली नाही. फेडरेशनमध्ये राहणारा सर्ब किंवा रेपुब्लिका स्रप्स्कात राहणारा बॉस्नियाक, यांनाही राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहता येत नाही. आणि ज्याला ‘मी फक्त बोस्नियन’ म्हणायचे असेल, त्याच्यासाठी घटनेतला शब्द आहे ‘इतर’.

मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत बोचणारी गोष्ट ही वाटते. ज्या माणसांनी समाजांच्या भांडणात भाग घ्यायचे नाकारले, त्यांनाच शांततेच्या रचनेत जागा मिळाली नाही.

मग तीस वर्षांत काहीच झाले नाही का?

बरेच झाले, आणि ते कसे झाले हे बारकाईने पाहण्यासारखे आहे.

गाड्यांच्या नंबरप्लेटचे उदाहरण घ्या. युद्धानंतर प्रत्येक भागाच्या पाट्या वेगळ्या होत्या. त्यामुळे पलीकडच्या भागात गाडी शिरली की ती कोणाची हे लगेच कळे. काचा फुटत, लोक अडवले जात. साहजिकच कोणी पलीकडे जाईना. १९९८ मध्ये सुरुवातीला सांगितलेल्या त्या परदेशी अधिकाऱ्याने देशभर एकच पाटी सक्तीची केली. तिच्यावर अक्षरे अशीच निवडली जी लॅटिन आणि सिरिलिक या दोन्ही लिप्यांत सारखी दिसतात: ए, ई, जे, के, एम, ओ, टी. गावाचा संकेत नाही, भागाचा नाही. पाटीवरून चालक कुठला हे ओळखता येईना, आणि अंतर्गत सीमेवरची वाहतूक वाढली. शांतिसैनिकांच्या पहाऱ्याने जे साधले नाही ते पत्र्याच्या एका तुकड्याने साधले.

दुसरे मोठे काम घरांचे. पळून गेलेल्यांच्या घरांत दुसरेच पळून आलेले राहत होते. सुमारे दोन लाख कुटुंबांनी घर परत मिळावे म्हणून अर्ज केले. सुरुवातीला स्थानिक अधिकारी फायली दाबून ठेवत, कारण घरे परत दिली तर युद्धाने बदललेला लोकसंख्येचा नकाशा पुन्हा बदलला असता. १९९९ पासून सर्वत्र एकच नियम लावला गेला: अर्ज ज्या क्रमाने आला त्या क्रमाने निकाल, आणि चालढकल करणारा अधिकारी पदावरून दूर. पुढच्या पाच-सहा वर्षांत नव्वद टक्क्यांहून अधिक अर्ज निकाली निघाले. अनेकांनी परत मिळालेले घर विकले आणि जिथे स्थिरावले होते तिथेच राहिले, हे खरे. पण चोरलेली वस्तू मालकाच्या हाती परत आली होती, आणि ती विकायची की ठेवायची हे तोच ठरवत होता.

तिसरे काम बेपत्ता माणसांचे. युद्ध संपले तेव्हा सुमारे तीस हजार माणसांचा पत्ता नव्हता. स्रेब्रेनित्साच्या मारेकऱ्यांनी पुरावा लपवण्यासाठी सामूहिक कबरी यंत्रांनी उकरून मृतदेह दुसरीकडे नेले होते. त्यामुळे एकाच माणसाची हाडे दोन-तीन वेगवेगळ्या खड्ड्यांत सापडत. नातेवाइकांच्या रक्ताचे नमुने घेऊन, हाडांतल्या डीएनएशी जुळवून एकेक माणूस ओळखला गेला. आजवर तीन-चतुर्थांशाहून अधिक बेपत्तांचा शोध लागला आहे. दर वर्षी ११ जुलैला स्रेब्रेनित्साजवळच्या पोतोचारीच्या दफनभूमीत त्या वर्षी ओळख पटलेल्यांना मूठमाती दिली जाते. काही आया मुलाचे एक-दोन हाडांचे अवशेष हाती आले तरी दफन करतात. काही थांबतात, आणखी सापडतील म्हणून.

याशिवाय एक चलन आले, तिन्ही सैन्यांचे एक सैन्य झाले, २००६ पासून १७ टक्क्यांचा एकच मूल्यवर्धित कर लागू झाला. सुरुवातीला ‘नाटो’चे साठ हजार सैनिक होते. आज युरोपीय संघाच्या त्यामानाने लहानशा तुकडीवर काम भागते.

युरोपचे दार म्हणजे नेमके काय?

युरोपीय संघात शिरणे म्हणजे एखाद्या करारावर सही करणे नव्हे. १९९३ मध्ये कोपनहेगनला संघाने प्रवेशाच्या अटी ठरवल्या: स्थिर लोकशाही आणि कायद्याचे राज्य, स्पर्धेत टिकणारी बाजारव्यवस्था, आणि संघाचे सगळे कायदे स्वीकारून राबवण्याची कुवत. ही तपासणी ३५ प्रकरणांत चालते. न्यायव्यवस्थेपासून मासेमारीपर्यंत सारे त्यात येते. न्यायालये, मूलभूत हक्क आणि भ्रष्टाचार ही प्रकरणे सर्वांत आधी उघडतात आणि सर्वांत शेवटी मिटतात. प्रत्येक टप्प्यावर २७ सदस्य देशांपैकी एकानेही ‘नाही’ म्हटले की गाडी थांबते.

२००३ मध्ये थेसालोनिकीच्या शिखर परिषदेत संघाने पश्चिम बाल्कन देशांना शब्द दिला की तुमचे भवितव्य संघात आहे. युगोस्लाव्हियातून निघालेल्या देशांपैकी स्लोव्हेनिया २००४ मध्ये आत गेला, क्रोएशिया २०१३ मध्ये. बोस्नियाने अर्ज केला २०१६ मध्ये, ‘उमेदवार’ हा दर्जा मिळाला डिसेंबर २०२२ मध्ये, आणि वाटाघाटी सुरू करण्याचा निर्णय झाला मार्च २०२४ मध्ये. यातले शेवटचे दोन टप्पे युक्रेनवरच्या रशियाच्या आक्रमणानंतरचे आहेत. त्या आक्रमणाने युरोपला स्वतःच्या अंगणातली रिकामी जागा दिसली.

सामान्य बोस्नियन माणसाला या अटींचा फायदा काय? २०१० ची गोष्ट पाहा. संघाने सांगितले, बायोमेट्रिक पासपोर्ट द्या, सीमा नीट सांभाळा, संघटित गुन्हेगारीविरुद्ध कायदे करा, मग तुमच्या नागरिकांना व्हिसाशिवाय येता येईल. शेजारच्या सर्बियाला ही सवलत २००९ मध्ये मिळाली आणि बोस्नियाला नाही. लोक संतापले. एरवी कशावरच एकमत न करणाऱ्या नेत्यांनी वर्षभरात सगळ्या अटी पूर्ण केल्या, कारण तिन्ही समाजांच्या मतदारांना जर्मनी-ऑस्ट्रियातल्या आपल्या माणसांना भेटायला जायचे होते. माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे. बक्षीस जवळ असेल, ते थेट नागरिकाला मिळणार असेल आणि ते कोणामुळे अडले हे उघड दिसत असेल, तर नकाराधिकार वापरणे नेत्याला महाग पडते. बक्षीस वीस वर्षांनी मिळणार असेल तर अडवणे फुकटात पडते.

‘सरळ वाटण्या करून टाका की!’

हा आक्षेप हमखास येतो. एकत्र नांदायचेच नसेल तर वेगळे होऊ द्या. अडचण अशी की नकाशावर सरळ रेघ मारता येत नाही. रेपुब्लिका स्रप्स्का सलग नाही, ब्रच्को तिचे दोन तुकडे करते. तिच्या हद्दीत स्रेब्रेनित्सा आणि प्रियेदोर आहेत, जिथे जिवाची भीती गिळून बॉस्नियाक कुटुंबे परत येऊन राहिली. वाटणी झाली तर त्यांना पुन्हा निघावे लागेल. आणि आज रेपुब्लिका स्रप्स्कात सर्बांचे बहुमत एवढे मोठे आहे ते १९९२ च्या हुसकावण्यांमुळे. त्या बहुमताच्या बळावर देश तोडणे म्हणजे ज्या बोस्नियन सर्ब नेत्यांना युद्धगुन्ह्यांसाठी जन्मठेप झाली त्यांचे उद्दिष्ट मान्य करणे.

‘मग परदेशी अधिकाऱ्यानेच हुकूम काढून सुधारणा कराव्यात’

त्या पदाचे नाव ‘उच्च प्रतिनिधी’. १९९७ मध्ये त्याला कायदे लादण्याचे आणि पदाधिकाऱ्यांना काढून टाकण्याचे अधिकार मिळाले. या पदावर असलेले ब्रिटिश राजकारणी पॅडी ॲशडाउन यांनी २००४ मध्ये एका दिवसात सुमारे साठ सर्ब पदाधिकाऱ्यांना घरी बसवले. राष्ट्रध्वज, नंबरप्लेट, सीमा पोलीस हे सगळे या अधिकारांतूनच आले, म्हणून त्यांना सरसकट वाईट म्हणणे अन्याय होईल. युद्धानंतरच्या पहिल्या दहा वर्षांत ते गरजेचे होते.

पण त्यांची सवय लागली. आपण तडजोड केली तर मतदार आपल्याला गद्दार म्हणतील, त्यापेक्षा अडून बसावे, निर्णय परदेशी माणूस घेईलच आणि शिव्याही तोच खाईल, हा हिशेब तिन्ही बाजूंच्या नेत्यांनी पक्का शिकून घेतला. शिवाय जो देश परक्या माणसाच्या हुकमाने चालतो तो स्वतःच्या पायावर उभी असलेली लोकशाही म्हणून संघात शिरणार कसा? हे पद कधीतरी बंद करावेच लागेल. फक्त ते दोदिक यांच्यासारख्यांच्या दबावाखाली बंद होऊ नये. देशाची न्यायालये तेवढी भक्कम झाली म्हणून व्हावे. दोदिक यांच्यावरचा खटला देशाच्याच न्यायालयात, देशाच्याच न्यायाधीशांसमोर चालला आणि शिक्षा अमलात आली, ही मला म्हणूनच मोलाची घटना वाटते.

‘युरोपचा तरी शब्द खरा आहे का?’

या आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, कारण त्यात तथ्य आहे. युगोस्लाव्हियातूनच निघालेल्या मॅसेडोनियाने ग्रीसचा आक्षेप मिटवण्यासाठी देशाचे नाव बदलून ‘उत्तर मॅसेडोनिया’ केले. त्यानंतर २०१९ मध्ये फ्रान्सने वाट अडवली, २०२० मध्ये बल्गेरियाने. देश २००५ पासून उमेदवार आहे. मोठी राजकीय किंमत मोजून सुधारणा करणाऱ्याला असे वागवले, की शेजारचा अडवणूक करणारा नेता मतदारांना सांगतो, पाहा, त्यांनी केले, काय मिळाले? संघाने आता पश्चिम बाल्कनसाठी २०२४ ते २०२७ या काळात सहा अब्ज युरोंची विकास योजना आणली आहे. त्यात सुधारणा केली की पैसा, नाही तर नाही. पायरीगणिक बक्षीस ही दिशा बरोबर आहे. पण ठरलेल्या सुधारणांची यादी पाठवायला सहा देशांत बोस्नियाच सर्वांत शेवटी आला.

उशिराची किंमत लोक देतात. १९९१ मध्ये ४३ लाखांवर असलेली लोकसंख्या २०१३ च्या जनगणनेत ३५ लाखांवर आली होती, आणि त्यानंतरही परिचारिका, सुतार, अभियंते जर्मनीच्या वाटेला लागलेले आहेत. देश युरोपात जात नाही म्हणून माणसे एकेकटी जात आहेत.

लोकांनी स्वतः काय केले

मोस्तार शहरात बारा वर्षे, २००८ ते २०२०, स्थानिक निवडणूकच झाली नाही. घटना न्यायालयाने निवडणुकीचे नियम रद्द केले होते आणि शहरावर सत्ता असलेल्या दोन पक्षांचे नव्या नियमांवर जमेना. इर्मा बारालिया या स्थानिक कार्यकर्तीने युरोपीय मानवी हक्क न्यायालयात तक्रार केली की मला माझ्या शहरात मत देता येत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्या जिंकल्या आणि २० डिसेंबर २०२० रोजी मोस्तारने मतदान केले.

याय्त्से गावातली गोष्ट याहून साधी. फेडरेशनच्या काही भागांत ‘एका छपराखाली दोन शाळा’ चालतात. इमारत एक, पण बॉस्नियाक आणि क्रोएट मुलांची दारे, वर्ग आणि अभ्यासक्रम वेगळे. याय्त्सेतली मुले माध्यमिक शाळेत एकत्र शिकत होती आणि प्रांत सरकारने त्यांच्यासाठी वेगळी शाळा काढायचे ठरवले. २०१६ आणि २०१७ मध्ये दोन्ही समाजांचे विद्यार्थी मिळून रस्त्यावर उतरले. सरकारला बेत सोडून द्यावा लागला. ज्यांना युद्ध आठवतही नाही अशा मुलांनी हे केले, आणि त्यासाठी त्यांना कोणत्याही उच्च प्रतिनिधीची गरज पडली नाही.

पुढे कशाकडे लक्ष ठेवावे

बातम्यांत धमक्या आणि फुटीची भाषा पुन्हा पुन्हा येईल, कारण ती छापायला सोपी असते. प्रगती होते आहे की नाही हे पाहायचे असेल तर तीन कंटाळवाण्या गोष्टी शोधाव्यात. मार्च २०२४ चा निर्णय झाला तरी प्रत्यक्ष वाटाघाटींच्या पहिल्या बैठकीआधी संघाने न्यायालयांचा कायदा, न्यायाधीश व सरकारी वकील नेमणाऱ्या मंडळाचा कायदा आणि देशाच्या वतीने बोलणारा मुख्य वाटाघाटीकार, एवढे मागितले आहे. तिन्ही बाबी देशाच्या संसदेच्या आणि मंत्रिमंडळाच्या हातात आहेत, आणि तिन्हींसाठी त्याच ४२ जणांच्या सभागृहातल्या नेत्यांना एकत्र यावे लागते. त्या सभागृहाची मागची निवडणूक ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली. मुदत चार वर्षांची असते, म्हणजे मतदारांची पाळी २०२६ मध्ये येते.